भाऊंचा कोरडा हात

भाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उजवा हात वर करून रस्त्याने चालत होते. मे महिना संपत आला होता. खर्डी स्टेशनवरून रिक्षा करून मी त्या गावात खोली बघायला आले होते. जूनपासून तिथल्या शाळेत मला विज्ञान शिकवायचं होतं. समोरून सत्तरीचा एक उंच माणूस आला. अंगात पांढरा सदरा, पायात रबरी चपला, आणि उजव्या हाताची पाचही बोटं पसरून हात डोक्याच्या वर. मला वाटलं, मला थांब म्हणताहेत. मी बॅग खाली ठेवून निमूट थांबले. ते माझ्याकडे ढुंकूनही न बघता शेजारून निघून गेले. त्यांच्या मागून एक बाई खांद्यावर पंचा टाकून लगबगीने चालल्या होत्या.

"त्यांना काय झालंय?" मी विचारलं.

"काय झालं नाय गो. हात धुवून उन्हात वाळवलाय. आता लोणच्यात पडेपर्यंत तो कशाला लागायला नको," त्या बोलल्या आणि पुढे गेल्या.

ते भाऊ, म्हणजे माझे होणारे घरमालक. आणि त्या वहिनी, त्यांची बायको. त्या दिवशी भाऊंना पाच घरी लोणचं कालवायचं होतं. मी त्यांच्या ओट्यावर दोन तास बसून राहिले, कारण किल्ली भाऊंच्या सदऱ्याच्या खिशात होती आणि उजवा हात खिशात घालायची त्यांना त्या दिवशी बंदी होती. वहिनी ती काढून देऊ शकल्या असत्या, पण त्या पंचा घेऊन त्यांच्या मागे होत्या.

गावाचा समज असा की लोणच्याला पहिला हात भाऊंचा लागला तर ते वर्षभर नासत नाही. घरोघरी कैऱ्या फोडून, पुसून, मसाला भाजून तयार ठेवत आणि भाऊंना बोलावणं धाडत. भाऊ जात, पाटावर बसत, परातीत मुठीने मीठ टाकत आणि खालपासून वरपर्यंत कालवत. मापाला वाटी नाही, वजन नाही. शेराला किती मुठी ते त्यांच्या तोंडात असायचं. कालवून झालं की कुणी चहा दिला तर घेत, नाहीतर पुन्हा हात धुवून, पुन्हा अंगणात उन्हात धरून, पुढच्या घरी. वाटेत कुणी रामराम केला तर डाव्या हाताने.

मी विज्ञानाची पदवी घेतलेली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगून टाकलं, "भाऊ, हातात काही नसतं. तुमची मूठ मोठी आहे, म्हणून मीठ भरपूर पडतं. मीठ भरपूर म्हणून लोणचं टिकतं."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "मूठ कशाला असते, बाई?"

"हाताला."

"मंग?" असं म्हणून ते पडवळाच्या मांडवाकडे निघून गेले.

भाऊंची सगळी नोकरी तानसा तलावावर पाणीखात्यात झाली. मुंबईला जाणाऱ्या मोठ्या नळांवर चालत फिरायचं आणि कुठे गळतंय का ते बघायचं. पस्तीस वर्षं हा माणूस पाण्याच्या मागावर होता. निवृत्त होऊन घरी आला तो पाण्याचा वैरी होऊनच. त्यांच्या स्वयंपाकघरात ओल्या हाताने शिरणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं. दाराशी एक पंचा टांगलेला असे, तो पुसायचा. त्याच्या शेजारी दुसरा, तो खात्रीचा. "पाणी पायरी चढत नाय, बाई, माणूस त्याला चढवतो," असं ते येता-जाता बजावत. दुसरं वाक्य त्याहून छोटं होतं: "ओलं ते आपलं नाय." हे ते डब्याची झाकणं लावताना पुटपुटत.

पण मागच्या परसात त्यांचं हेच वैर कुठे जायचं कोण जाणे. तिथे तांदळाचं धुवण, भांड्यांचं दुसरं पाणी, माझ्या खोलीतलं कपड्यांचं शेवटचं पाणी, सगळं ठरल्या झाडाला. मी एकदा वांग्याचं पाणी मिरचीला घातलं तर दोन दिवस मला "मिरचीवाल्या बाई" म्हणत होते. पावसाळ्यात त्या परसात काकडी, शिराळी, पडवळ, कारली अशी दाटी व्हायची की वहिनींना दोरीवर लुगडं वाळत घालायला जागा उरायची नाही. पडवळ सरळ वाढावं म्हणून लोक त्याच्या टोकाला दगड बांधतात. भाऊ निवृत्त होताना आणलेले गंजके नट बांधत. मांडवाखालून जायचं तर वाकून जावं लागे, नाहीतर कपाळाला सरकारी लोखंड लागे. माझ्या कपाळावर अजून एक बारीक खूण आहे, आणि त्या दिवशी भाऊंनी धावत येऊन आधी पडवळ तपासलं होतं.

परसाच्या कोपऱ्यात एक शेवगा होता. तो तीन वर्षं नुसता पाला देत होता. एका सकाळी मी शाळेला निघत होते तर भाऊ कोयता घेऊन झाडाखाली उभे.

"बाई, जरा इकडं या. मी आता याला तोडतोय. तुमी मला अडवा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बोलणार, तोडतो. तुमी बोलायचं, नका तोडू, पुढच्या सालाला देईल. त्याला भीती पण वाटली पायजे आणि कुणीतरी आपलं हाय असं पण वाटलं पायजे. वहिनीला सांगितलं तर ती हसते."

ही तशी जुनीच चाल. न फळणाऱ्या झाडाला दटवायला दोन माणसं लागतात, एक मारणारा आणि एक सोडवणारा. मी घड्याळ बघितलं. "भाऊ, मी विज्ञान शिकवते."

"मंग त्याला नीट समजावून सांगा."

शेवटी मी हातातली वह्यांची पिशवी खाली ठेवली आणि शेवग्यासाठी रदबदली केली. भाऊंनी माझं ऐकलं, पण झाडाला गंमत वाटू नये म्हणून दोन फांद्या खाडकन उतरवल्या. पुढच्या वर्षी शेवगा शेंगांनी लगडला. छाटणी झाल्यावर शेवगा फुटतोच, हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "बाई, मी तर दर सालाला छाटतो. यंदा तुमी बोललात." दर वर्षी छाटत होते की नव्हते ते मला माहीत नाही, पण त्या वर्षी शेवग्याची आमटी करून पहिली वाटी त्यांनी माझ्या दारात आणून ठेवली. झाडाच्या वतीने, असं म्हणाले.

दिवाळीला ते नानकटाई भाजत. भट्टी नव्हती. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात नदीची चाळलेली रेती, तिच्यावर उलटी ताटली, तिच्यावर नानकटाई, वर झाकण आणि झाकणावर निखारे. त्या अर्ध्या तासात घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. नानकटाई दचकते आणि तिला तडा जातो, असं त्यांचं म्हणणं. वहिनी त्या वेळी मुद्दाम फोन लावून शहापूरच्या भावाशी गप्पा मारत. वहिनींचं सगळंच वेगळं होतं. "माजा हात लोणच्याला लागला का आठ दिवसांत आंबतं," असं त्या सगळ्यांना आनंदाने सांगायच्या. त्यामुळे लोणची, सांडगे, पापड यातलं एकही काम त्यांच्याकडे उभ्या जन्मात आलं नव्हतं. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी मुद्दाम एक बरणी नासवली असावी, असा माझा अंदाज आहे. मी तो बोलून दाखवला तेव्हा त्या नुसत्या पदराने तोंड पुसत राहिल्या.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते.

माजघरातल्या फडताळात भाऊंची मोठी बरणी असे, त्यांच्या स्वतःच्या घरची. तिच्या तोंडाला स्वच्छ फडकं, म्हणजे दादरा, सुतळीने आवळलेला. तिला फक्त भाऊंनी हात लावायचा. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला एक लाकडी चमचा त्या कामापुरता वेगळा ठेवलेला होता. मला लोणचं हवं असलं की मी माझी वाटी घेऊन जायची आणि भाऊ आधी अंगणात जाऊन आभाळाकडे बघायचे. "आज हवा ओली हाय. उद्या बघू."

आषाढ लागला आणि हवा रोजच ओली. तीन आठवडे मला "उद्या बघू" मिळालं. त्या दुपारी शाळा लवकर सुटली होती. मी मऊ खिचडी केली होती आणि लोणच्याशिवाय ती मला गिळवेना. वहिनी माहेरी गेलेल्या, भाऊ परसात काकडीचा मांडव सावरत होते. मी हळूच माजघरात गेले, दादरा सोडला आणि हातातला चमचा बरणीत घातला. स्टीलचा, नुकताच विसळलेला. त्याच्यावरून एक थेंब ओघळताना मी बघितलासुद्धा. एका थेंबाने काय होतंय, म्हटलं. सातवीला "बुरशी" हा धडा मी त्याच महिन्यात शिकवला होता. ओलावा, हवा आणि अन्न असलं की बुरशी वाढते, असं फळ्यावर ठळक लिहिलं होतं आणि मुलांकडून तीनदा म्हणून घेतलं होतं.

खिचडी छान लागली.

गौरी यायच्या दोन दिवस आधी भाऊंनी बरणी खाली घेतली. मी दारातच होते. त्यांनी सुतळीकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग दादरा सोडला. आत हिरवट-पांढरी लव आली होती. मला वाटलं आता ते ओरडतील, कोण गेलं होतं फडताळात म्हणून विचारतील. मी उत्तर तयार करत होते. पण त्यांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला आणि उलटासुलटा करून बघितला.

"हात गेला माजा," ते वहिनींना म्हणाले. कुणाचं तरी वारल्याचं सांगावं तशा आवाजात.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. खरं सांगते, मला लाज वाटली. ज्या बाईने पहिल्या आठवड्यात या माणसाला हातात काही नसतं म्हणून शिकवलं, तिनेच ओला चमचा घालावा आणि तोही चोरून! त्याऐवजी मी शास्त्राच्या आड लपले. "भाऊ, यात हाताचा काही संबंध नाही. हवेत बुरशीचे बीजाणू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत..."

"चाळीस सालं हवा नव्हती काय, बाई?" त्यांनी शांतपणे विचारलं.

त्या दिवशी भाऊंचा उजवा हात खिशात गेला तो गेलाच. भात कापून झाल्यावर शेताच्या तुकड्यात वाल पेरायचे होते, तर त्यांनी वहिनींना बी टाकायला लावलं आणि स्वतः बांधावर उभे राहिले. मेथीचं बी मला टाकायला सांगितलं. दिवाळीला नानकटाई झाली नाही. रेतीचं पातेलं पडवीत तसंच उपडं राहिलं. वहिनींनी एकदा दुकानातली नानकटाई आणून बशीत ठेवली. भाऊंनी एक उचलली, डाव्या हाताने, आणि अर्धी खाऊन ठेवून दिली. घरात आता मोठ्याने बोलायला मोकळीक होती, पण वहिनी भावाला फोन लावेनात. त्यांची थट्टा करायची चवच गेली होती.

मी रोज ठरवायची की आज सांगू. आणि रोज शाळेला उशीर व्हायचा.

असा मे महिना आला. कैऱ्या उतरल्या. गावातून बोलावणी आली, ती वहिनींनी दारातूनच परतवली. पण समोरची कमळाबाई परतणाऱ्यातली नव्हती. तिच्या मुलीचं वैशाखात लग्न झालं होतं आणि पहिल्या वर्षीचं लोणचं माहेरहून जायची त्यांच्यात रीत आहे. कमळाबाई कैऱ्यांची परात डोक्यावर घेऊन थेट ओट्यावर आली. फोडून, पुसून, मीठ-मसाल्यासकट.

"भाऊ, चला. हात घाला."

"माजा हात गेला, कमळे. पोरीच्या सासरी नासकं लोणचं जाईल. तुजंच नाक कापलं जाईल."

"मंग मी काय करू? पोरीला काय सांगू? भाऊ असून भाऊचा हात नाय लागला?"

"तूच कालव."

कमळाबाई परात समोर ठेवून मटकन खालीच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊंच्याही आलं असावं, कारण ते एकदम पडवळाच्या मांडवाकडे तोंड करून उभे राहिले, आणि मे महिन्यात मांडवावर बघण्यासारखं काहीही नसतं. खिशातली मूठ सदऱ्यावरून कळत होती, घट्ट आवळलेली.

"भाऊ," मी म्हणाले, "तुमचा हात नाही गेला. मी बरणीत ओला चमचा घातला होता."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सगळं सांगितलं. आषाढ, खिचडी, स्टीलचा चमचा, तो थेंब. सांगताना माझे कान तापले होते. भाऊंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला.

"तुमी चांगल्या आहात, बाई. मला बरं वाटावं म्हणून बोलताव. पण तुमी शिकलेली माणसं. तुमी आणि ओला चमचा?"

नऊ महिने जी कबुली मी टाळत होते, ती शेवटी दिली तर तिच्यावर कुणाचा विश्वासच बसेना. वहिनीसुद्धा मान हलवून म्हणाल्या, "असूं दे गो, नको खोटं बोलूस." मी रडकुंडीला आले. काय करावं कळेना. तेवढ्यात मला भाऊंनी सुतळीकडे जास्त वेळ बघितल्याचं आठवलं.

"वहिनी, एक बरणी द्या. रिकामी. आणि दादरा."

वहिनींनी दिली. मी दादरा लावला, सुतळी दोनदा फिरवली आणि मला एकच येते ती गाठ मारली. बुटाच्या नाडीला मारतात ती, दोन कानांची.

भाऊ पुढे आले. वाकून त्यांनी ती गाठ बघितली. मग आणखी वाकून बघितली. पाणीखात्यात दोराला मारायची त्यांची गाठ वेगळी होती, एका टोकाला ओढली की सुटणारी. जन्मात त्यांनी दुसरी मारली नव्हती.

"ही गाठ," ते म्हणाले. "हीच गाठ होती. मला वाटलं, माज्याच हातानं असली गाठ मारली. मी मनात बोललो, हाताला गाठ पण आठवत नाय, आता काय उरलं..." मग ते माझ्याकडे बघून एवढ्या जोरात ओरडले की कमळाबाईने परात धरली. "बाई! तुमी ओला चमचा घातलात?"

"हो."

"विसळलेला?"

"हो."

"पुसला नाय?"

"नाही, भाऊ."

मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतात. भाऊंचा चेहरा असा उजळला की मी तसा पुन्हा पाहिला नाही. त्यांनी उजवा हात खिशातून काढला, मोरीत जाऊन तीनदा धुतला आणि अंगणात मधोमध उन्हात उभे राहिले, बोटं पसरून. वहिनी पंचा आणायला आत धावल्या, त्या बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आल्या. पंचा आधीच ओला झाला होता, म्हणून भाऊंनी दुसरा मागवला.

त्या दिवशी भाऊंनी कमळाबाईचं लोणचं कालवलं आणि मग हात वर करून गावभर हिंडले. प्रत्येक दारात थांबून सांगायचे, "हात हाय माजा! बाईंनी ओला चमचा घातला व्हता!" एखाद्याच्या मुलाला नोकरी लागल्यावर पेढे वाटावेत तशी त्यांनी माझी अब्रू वाटली. जूनमध्ये मी सातवीच्या वर्गात बुरशीचा धडा काढला तर अख्खा वर्ग माना खाली घालून हसत होता. एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, चमचा पुसायचा का नाय?"

पण गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला घेतली नसती.

चार दिवसांनी मी कमळाबाईकडे गेले होते. ती अडकित्त्याने उरलेल्या कैऱ्या फोडत होती. इकडे-तिकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी उगा येवढं मनाला लावून घेतलंत. आमच्याकडं तीन सालं नासलं व्हतं."

"कोणतं?"

"लोणचं. भाऊच्या हातचं. पलीकडं तर दोनदा नासलं. दर सालाला कुणाचं ना कुणाचं नासतंच की."

मी विचारलं, "मग भाऊंना कुणी सांगितलं कसं नाही?"

कमळाबाईला माझ्या शिक्षणाची कीव आली असावी. "त्यांना कशाला सांगायचं? टिकलं तर भाऊचा हात, नासलं तर आपला चमचा. आपलंच काय तरी चुकलेलं असणार ना? गुपचूप खड्ड्यात टाकायचं आणि बरणी घासून ठेवायची. त्यांना कळलं तर ते हात घालतील काय पुन्यांदा?"

चाळीस वर्षांचा तो लौकिक गावातल्या सगळ्या बायांनी मिळून, एकमेकींनाही फारसं न सांगता, परसातल्या खड्ड्यांत पुरून जपला होता. मी विज्ञानाची बाई. खरं काय ते सांगणं हे माझं काम. मी कमळाबाईच्या शेजारी बसले आणि कैऱ्या पुसायला लागले. भाऊंना यातलं एक अक्षर मी आजवर कळू दिलेलं नाही.

पुढे आमच्या संस्थेच्या मुरबाडच्या शाळेत माझी बदली झाली. मी निघाले त्या दिवशी भाऊंनी मला एक छोटी बरणी दिली. तिच्या गळ्यात सुतळीने एक लाकडी चमचा बांधलेला होता. तेव्हापासून दर जूनमध्ये शहापूरवरून येणाऱ्या एसटीतून कुणाच्या तरी मांडीवर बसून एक बरणी येते, गळ्यात नवा चमचा. चमचे आता आठ झालेत. मी ते स्वयंपाकघरात ओळीने टांगून ठेवलेत. सगळे कोरडे.

यंदाची बरणी आली आणि मी चव घेतली तेव्हाच मला कळलं. मीठ कमी होतं. वहिनी मागे फोनवर म्हणाल्या होत्या की भाऊंची बोटं आता नीट मिटत नाहीत, घाससुद्धा सांडतो. मूठच भरत नसेल तर मीठ कुठून पडणार? शेराला मुठी मात्र तेवढ्याच. मी वरून मीठ घालून बघितलं, पण आषाढ संपता संपता वर लव धरलीच.

त्याच आठवड्यात भाऊंचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारलं, पडवळाची खबर दिली. मग आवाज उतरला.

"बाई, लोणचं कसं हाय?"

"छान आहे की, भाऊ."

"कमळी पण बोलली, छान हाय. सगळ्या बाया बोलतात, छान हाय. एक बाई तक्रार करत नाय. येवढं छान कदी नव्हतं, बाई. तुमी तरी मला खरं सांगा. टिकलं काय?"

मला त्या दिवशीचा त्यांचा चेहरा दिसला, उलटासुलटा करून बघितलेला तो हात दिसला. बरणी माझ्यासमोर ओट्यावरच होती. मी ओळीतल्या आठ चमच्यांकडे बघितलं.

"भाऊ, रागावू नका," मी म्हणाले. "नासलं. पाहुणे आले होते, घाई होती. मी पुन्हा ओला चमचा घातला."

पलीकडे भाऊ हसले, खोकला येईपर्यंत हसले, आणि मग वहिनींना मोठ्याने हाक मारली.

"अगो, ऐकलंस काय? बाईंनी परत घातला! मी बोललो नव्हतो, या बाई काय सुधारणाऱ्या नाय!"

या वेळी त्यांनी गाठ बघायला मागितली नाही.